आश्वासन क्रमांक ४११३

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी आश्वासन शाखेच्या नोंदीत एकूण चार हजार एकशे बारा आश्वासनं जमा होती. त्यांतली सोळाशे चाळीस रस्त्यांची आणि पुलांची, नऊशे तीन पाण्याची, पाचशे सत्तर शाळांची आणि बाकीची किरकोळ. किरकोळांमध्ये तेवीस आश्वासनं सभागृहाच्या स्वतःच्या कामकाजाबद्दल होती. नऊ बैठकीच्या वेळेविषयी, पाच दरवर्षी शंभर दिवस बैठका भरवण्याविषयी, आठ उन्हाळी सुट्टी कमी करण्याविषयी आणि एक सदस्यांनी आपापल्या गावी बसून पडद्यावरून कामकाज चालवण्याविषयी. सगळ्यांत जुनं सोळा वर्षांपूर्वीचं होतं. ते देणारे मंत्री वारले होते. आश्वासन मात्र प्रलंबित होतं.

ही वर्गवारी सुमेधा नेहेतेनं स्वतःहून केली होती. संख्याशास्त्रात एमएस्सी करून ती दोन वर्षांपूर्वी या शाखेत सहायक म्हणून लागली. मंत्री सभागृहात उभं राहून जे कबूल करतात, ते कामकाजाच्या शब्दशः प्रतिवेदनातून शोधून काढायचं, त्याला क्रमांक द्यायचा, आणि संबंधित खात्याकडून ‘पूर्तता झाली’ असं कळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करायचा, हे शाखेचं काम. राज्यात मोडलेली वचनं मोजणारं एक सरकारी कार्यालय आहे, याचं सुमेधाला सुरुवातीला फार कौतुक वाटलं होतं.

“मोजतो आपण,” कक्ष अधिकारी देवस्थळी म्हणायचे. “थर्मामीटर ताप मोजतो तसं. थर्मामीटरनं ताप उतरल्याचं ऐकलंय का कधी?”

त्या दिवशी अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच अहवाल होता. तो पाच मार्चला जाहीर झाला होता.

हवेचा अंदाज दहा-बारा दिवसांपलीकडे जात नाही, हे सुमेधा शाळेत शिकली होती. हवा फार लवकर विसरते. आज एखाद्या गावावर काय चाललंय, याचा तीन आठवड्यांनंतरच्या हवेत मागमूस उरत नाही. पण माती विसरत नाही. दोन मीटर खोल मातीत किती ओल उरली आहे आणि अरबी समुद्राचा वरचा थर किती तापला आहे, या दोन गोष्टी महिनोन्महिने हळूहळू बदलतात, आणि मे महिन्यातला उष्मा कुठे ठाण मांडून बसणार हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. सात वर्षांपूर्वी शेताशेतांत खोल पुरलेल्या संवेदकांच्या नोंदींतून हा संबंध सापडला. तेव्हापासून सत्तर दिवस आधी, जिल्हावार, तारखेसह उष्म्याचा अंदाज मिळू लागला. सहा उन्हाळ्यांत तो एकदाही दोन दिवसांहून जास्त चुकला नव्हता.

या वर्षी अंदाज तापीच्या खोऱ्याचा होता. चौदा ते चोवीस मे, सलग अकरा दिवस. तापमान बेचाळीसच्या आसपास, म्हणजे तिकडच्या लोकांना नवीन काही नाही. खरी भीती ओलाव्याची होती. समुद्रावरून येणारी दमट हवा आणि ठिबकवर वाढलेल्या केळीच्या बागांतून उठणारी वाफ, दोन्ही एकत्र येणार होत्या. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर त्यातलं पाणी उडतं आणि पारा खाली येतो. माणसाचं अंगही घाम उडवूनच थंड होतं. हवा आधीच ओलीगच्च असली, तर फडक्यातलं पाणी उडत नाही आणि अंगावरचा घामही उडत नाही. या ओल्या पाऱ्याचा आकडा पस्तीसला पोचला की सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरतो. उन्हात काम करणाऱ्याला बत्तीस पुरतात. अहवालात अकराही दिवसांसाठी बत्तीस ते तेहेतीस लिहिलं होतं.

यासाठी राज्यात उष्माविरामाचा कायदा होता. ओला पारा बत्तीसवर जाणार असेल त्या दिवशी उघड्यावरचं काम बंद, मजुरी चालू, आणि घरी बसलेल्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. पण जिल्हाधिकाऱ्याला हा विराम एका उन्हाळ्यात तीनच दिवस देता येत असे. त्यापुढे सभागृहाचा ठराव हवा. वटहुकमानं भागवायचा प्रयत्न एकदा झाला होता, तो न्यायालयानं रद्द केला. आणि सभागृह तर उद्यापासून एकोणतीस जूनपर्यंत सुट्टीवर जाणार होतं.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी विरोधी बाकावरच्या एका सदस्यानं नेमका हाच प्रश्न विचारला. संसदीय कामकाज मंत्री उठले. सुमेधा शाखेतल्या पडद्यावर पाहत होती.

“अध्यक्ष महाराज, मी या सभागृहाला आश्वासन देतो की चौदा मेपूर्वी उष्माविरामाच्या ठरावासाठी विशेष बैठक बोलावली जाईल. आणि पुढच्या वर्षापासून उन्हाळी सुट्टी तीन आठवड्यांहून जास्त असणार नाही.”

बाकं वाजली. सुमेधानं नोंद केली. क्रमांक ४११३.

“चोविसावं,” देवस्थळी चष्मा पुसत म्हणाले.

“सर, यात तारीख आहे. आधीच्या तेविसांत एकातही तारीख नाही.”

“हो, ते खरं,” ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनीही पडद्याकडे पाहिलं. “तारीख आहे खरी.”

जिन्यात येऊन तिनं तापीच्या खोऱ्यातल्या वरखेडीला फोन लावला. तिचे वडील, रामदास नेहेते, तिथल्या डाळमिलमध्ये वाळवणीच्या पटांगणाचे मुकादम होते. तेलपाणी लावलेली तूर सिमेंटच्या पटांगणावर पसरायची, दर अर्ध्या तासानं दाताळ्यानं फिरवायची, संध्याकाळी गोळा करायची. मिलमध्ये यंत्रानं वाळवण्याची सोय होती, पण उन्हाला वीज लागत नाही. मार्च ते मे हा हंगाम. अकरा बायका आणि आप्पा.

“आप्पा, विराम मिळणार. अकराही दिवस. मंत्री बोलले आत्ता.”

“बोलले म्हंजे? लिहून देलं का?”

“सभागृहात बोललेलं लिहिलेलंच असतं. मीच लिहिलं.”

“मले परवापर्यंत त्या नाशिकच्या ठेकेदाराले सांगायचं हाय,” आप्पा म्हणाले. “आंब्याचा गर काढायच्या कारखान्यात सगळी टोळी मागतो तो. एप्रिल-मे. आत गार शेड हाय म्हने. पन इथली जागा जाईन बायकांची. शेठ दुसरी टोळी लावीन. अन् जुबेदाची सून अवघडलेली, इंदूचा नवरा अंथरुनाले खिळलेला. कोन निघतं घर सोडून?”

“मग नका जाऊ. विराम मिळणारच आहे.”

“तू म्हनते तं नाही म्हनतो त्याले.”

फोन ठेवल्यावर सुमेधाला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा शाखेतली एक ओळ तिच्या घरच्या कामाला आली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं ४११३ ची टिपणी तयार करून संसदीय कामकाज विभागाला पाठवली. दुसऱ्या आठवड्यात स्मरणपत्र. तिसऱ्या आठवड्यात देवस्थळींनी तिला बोलावून एक कागद पुढे सरकवला. कामकाज सल्लागार समितीचं इतिवृत्त होतं. तिनं ते दोनदा वाचलं.

समितीनं अंदाजाचा अहवाल बारकाईनं अभ्यासला होता. अहवालातले आकडे जसेच्या तसे उतरवले होते, दशांशासकट. आणि निष्कर्ष असा होता की अशा हवामानात राज्यभरातल्या सदस्यांना, विशेषतः वयोवृद्ध सदस्यांना, प्रवास करायला लावणं त्यांच्या प्रकृतीच्या दृष्टीनं उचित होणार नाही. सबब विशेष बैठक उष्म्याचा काळ ओसरल्यावर, नियमित अधिवेशनालाच जोडून घ्यावी.

“पण बैठक चौदाच्या आधी घ्यायची होती ना,” सुमेधा म्हणाली. “आधी कुठे उष्मा आहे?”

“आधी लग्नसराई आहे. तिसऱ्या पानावर आहे बघ, ‘सदस्यांचे मतदारसंघातील पूर्वनियोजित कार्यक्रम’.”

“पडद्यावरून बैठक घेता येईल.”

“ते आश्वासन क्रमांक बावीसशे आठ. दहा वर्षांपूर्वीचं. प्रलंबित.”

“आपली समिती? आश्वासन समिती मंत्र्यांना बोलावून विचारू शकते.”

“आपल्या समितीची मुदत अधिवेशनाबरोबर संपली. नवीन समिती अध्यक्ष नेमतात, सभागृहात. सभागृह भरल्यावर.” देवस्थळींनी कागद परत घेतला. त्यांच्या आवाजात नेहमीची चेष्टा नव्हती. “तुझे वडील तिकडेच ना? त्यांना सांग, काय ती दुसरी सोय बघा म्हणावं. आज सांग.”

तिनं त्या दिवशी सांगितलं नाही.

तिनं अध्यक्षांच्या कार्यालयाला स्वतंत्र टिपणी लिहिली. अहवालातल्या आकड्यांवरून तिनं हिशेब मांडला होता. तीन दिवस विराम दिला तर खोऱ्यात साधारण दोनशे दहा ते दोनशे चाळीस मृत्यू, अकरा दिवस दिला तर पंधरा ते तीस. आकडे इतके स्पष्ट होते की वाचणाऱ्याला दुसरं काही करताच येणार नाही, असं तिला वाटत होतं. टिपणी वर गेली. आप्पांचा दर दोन दिवसांनी फोन येई.

“काय झालं वं पोरी?”

“चालू आहे, आप्पा. फाईल वर गेलीये.”

“वर म्हंजे कुठं?”

“अध्यक्षांकडे. होईल.”

तिसऱ्या फोनला तिच्या लक्षात आलं की आपण जे बोलतोय त्यालाही क्रमांक देता आला असता. ‘चालू आहे’, ‘वर गेलीये’, ‘होईल’. प्रतिवेदनात अशी वाक्यं ती रोज पिवळ्या रंगात अधोरेखित करत असे. तरी सांगवेना. आप्पांनी नाशिकला नकार कळवला होता तो तिच्या शब्दावर, आणि अकरा बायका थांबल्या होत्या त्या आप्पांच्या शब्दावर.

सहा मे रोजी टिपणी परत आली. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पाहिले. नियमित अधिवेशनात सादर करावे.’

तेव्हा तिनं फोन करून सगळं सांगितलं. मध्ये पंधरा दिवस गेले होते, हेही सांगितलं. आप्पांनी मधे तोडलं नाही.

“नाशिकवाल्यानं केव्हाच दुसरी टोळी नेली,” एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, “जेवली का तू?”

जिल्हाधिकाऱ्यांनी आपले तीन दिवस सगळ्यांत तापत्या दिवसांना दिले. अठरा, एकोणीस, वीस मे. एकवीसला मिल पुन्हा सुरू झाली. त्याच सकाळी सुमेधा रजा टाकून वरखेडीला पोचली आणि घरी पिशवी ठेवून थेट पटांगणावर गेली.

पटांगणाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये पाण्याचे दोन रांजण. बायकांनी ओल्या साड्यांचे तुकडे डोक्यावर घेतले होते. सगळ्यांत पुढे जुबेदा तडवी, दाताळं खांद्यावर टाकून.

“आली का बाई सभागृहवाली,” जुबेदा म्हणाली. “काय म्हनते तुझं सभागृह? बसलं का उठलं?”

“अगं, त्याले ऊन लागलं,” मागून इंदू तायडे म्हणाली. “गार हवेत नेलंय म्हने.”

बायका हसल्या. सुमेधालाही हसावं लागलं. इंदूमावशी पन्नाशीची, काटक. सुमेधा शाळेत असताना तिला डाळीच्या चुरीचे लाडू करून द्यायची. हसताना ती दाताळ्यावर टेकली होती, आणि हसणं संपलं तरी टेकूनच राहिली.

आप्पा वाकून डाळ चिमटीत घेऊन पाहत होते. दाणा दाताखाली धरला, थुंकला.

“वाळत नाही,” ते म्हणाले. “सात दिवस झाले, वाळतच नाही. ऊन तं एवढं हाय. पहिले तं दोन दिवसांत कडक व्हायची.”

“हवेत पाणी आहे, आप्पा. डाळीतलं जाणार कुठे?”

“तेच म्हनलो मी शेठले. तं शेठ म्हने, मंग अर्ध्या तासाच्या जागी पाव तासानं फिरवा.”

सुमेधानं सोबत आणलेला ओल्या पाऱ्याचा मापक शेडच्या खांबाला टांगला. दुपारी दोनला बत्तीस पूर्णांक सहा. तिनं आकडा आप्पांना दाखवला आणि सगळ्यांना घरी घेऊन चला म्हणाली.

“अन् उद्या?” आप्पा म्हणाले. “ठराव नाही म्हंजे जागा राखलेली नाही. मी आज उठलो तं शेठ उद्या दुसरा मुकादम आनीन. तो पाव तासाच्या मधे पानी पिऊ देईन का बायकांले? मी हाय म्हनून शेडमधे दहा मिनिटं बसतात.” त्यांनी मापकाकडे पाहिलं. “तुह्या यंत्रात दहा मिनिटांनी किती फरक पडतो?”

तिला ठाऊक होतं. फार नाही. पहिल्या दिवशी पडला असता. आठव्या दिवशी, रात्रीही पारा तिसाच्या खाली न उतरल्यामुळे, शरीराची आदल्या दिवसाची थकबाकी तशीच राहिलेली असते. हृदय सतत पळत असतं, झोपेतही. दहा मिनिटांची सावली तिथवर पोचत नाही.

“थोडा पडतो,” ती म्हणाली.

बावीस तारखेला सुमेधानं बसण्याच्या वेळा आखून दिल्या. वीस मिनिटं काम, पंधरा मिनिटं शेड, मानेवर ओलं फडकं. आप्पांनी शेठशी वाद घालून त्या मान्य करून घेतल्या. दुपारी पावणेतीनला इंदूमावशी शेडमधून उठून पटांगणावर गेली आणि दाताळं उलट्या बाजूनं धरून चालू लागली. जुबेदा ओरडली, “ए इंदे, दात खाली कर.” इंदूनं वळून पाहिलं, जुबेदाला स्वतःच्या आईच्या नावानं हाक मारली आणि डाळीवर आडवी झाली.

तिच्या अंगाला घाम नव्हता. सुमेधानं रांजणातलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं, तेही कोमट होतं. रुग्णवाहिकेला पस्तीस मिनिटं लागली. त्या दिवशी तालुक्यात दोनच होत्या आणि दोन्ही फिरत होत्या. ग्रामीण रुग्णालयात बर्फाची पिंपं भरून ठेवली होती, कारण अंदाज त्यांच्याकडेही सत्तर दिवसांपासून होता. तोवर अंगातला ताप एक्केचाळीस पूर्णांक आठवर गेला होता. संध्याकाळी साडेसहाला इंदू तायडे वारली.

बाहेरच्या बाकावर आप्पा बसले होते. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. आप्पा हळू आवाजात म्हणाले, “ती निघाली होती. एप्रिलात. नवऱ्याले घेऊन बहिनीकडं जातो म्हने महिनाभर. मी म्हनलो, थांब. सुटी मिळून राहिली.”

सुमेधा त्यांच्या शेजारी बसली. ते सरकले नाहीत, आणि तिच्याकडे पाहिलंही नाही.

राजधानीत परतल्यावर तिच्या मेजावर ४११३ चं पूर्तता पत्रक येऊन पडलं होतं. ‘विशेष बैठकीच्या आवश्यकतेचा तसेच उन्हाळी सुट्टीच्या कालावधीचा विचार करण्यासाठी सात सदस्यांची अभ्याससमिती गठित करण्यात आली आहे. सबब आश्वासनाची पूर्तता झाली, असे समजण्यात यावे.’ खाली तिच्या सहीची जागा होती. तिनं सही न करता कागद देवस्थळींकडे नेला.

“मी नाही करणार,” ती म्हणाली.

देवस्थळींनी कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि तिच्या जागी स्वतः सही केली. “तुझ्या नोकरीला अजून तीस वर्षं आहेत,” ते म्हणाले. “माझे चार महिने.”

जूनभर आप्पांचा फोन आला नाही. ती करायची तेव्हा आई उचलायची. आप्पा बाहेर गेलेत, आप्पा झोपलेत. पटांगणाचं काम हंगामासाठी बंद झालं होतं, एवढं कळलं. खोऱ्यातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा आला, दोनशे एकोणीस. आपल्या टिपणीतल्या हिशेबाशी तो तिनं ताडून पाहिला आणि टिपणीची प्रत कपाटात ठेवून दिली.

एकोणतीस जूनला अधिवेशन सुरू झालं. कामकाजपत्रिकेवर उष्माविरामाचा ठराव तिसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर शोकप्रस्ताव: दोन माजी सदस्य आणि उष्म्यात मरण पावलेले दोनशे एकोणीस नागरिक. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला, दोन्ही बाजूंनी भाषणं झाली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. शोकप्रस्तावानंतर दिवंगतांच्या सन्मानार्थ त्या दिवशी दुसरं कामकाज न घेण्याची सभागृहाची जुनी प्रथा आहे. ती पाळण्यात आली.

दुपारी सुमेधाचा फोन वाजला. आप्पा होते.

“बायका विचारून राहिल्या,” ते म्हणाले. “आज बसनार होतं ना तुमचं. बसलं का?”

“बसलं, आप्पा.”

“किती वेळ?”

प्रतिवेदन तिच्यासमोर उघडंच होतं. तिनं पहिली आणि शेवटची ओळ पाहिली.

“अकरा वाजता सुरू झालं,” ती म्हणाली. “अकरा वाजून बारा मिनिटांनी तहकूब झालं.”